पन्हाळ्याखालची बक्षीसवाली खानावळ आणि २२० रुपयांचं मटण ताट

कासारीकाठ (धागालेखक)

गेल्या रविवारी आबांना घेऊन पन्हाळ्याच्या खाली, कासारीच्या अंगाला असलेल्या एका गावात जेवायला गेलो होतो. गावातल्या बायकांच्या बचत गटाची खानावळ आहे. २०१९ च्या महापुरात शाळेत आणून ठेवलेल्या माणसांना या बायकांनी आठ दिवस रांधून घातलं, आणि पाणी ओसरल्यावर तेच हात खानावळीला लागले. गेल्या वर्षी बचत गटांच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत त्यांच्या तांबड्या-पांढऱ्याला पहिला नंबर मिळाला. भिंतीवर ढाल आहे, शेजारी जोतिबाची तसबीर, आणि खाली पाटीवर खडूनं लिहिलेले दर: मटण ताट २२०, अंडा ताट १२०, झुणका-भाकर ७०. बक्षिसाच्या आधी हेच दर होते, आजही हेच आहेत.

मटण ताटात सुक्कं, तांबडा, पांढरा, दोन भाकरी, भात, दही-कांदा, लिंबू आणि चमचाभर खर्डा. भाकरी नाचणीची घ्या नाहीतर तांदळाची. रस्सा हवा तितका. गेल्या महिन्यात शहरात पाहुण्यांना घेऊन गेलो होतो, तिथं माणशी ३८० पडले आणि पांढऱ्याची दुसरी वाटी मागितली तर तिचे वेगळे पैसे लावले.

पण धागा काढायचं कारण दर एवढंच नाही. आबांचं तिखट डॉक्टरांनी बंद केलंय. ते नुसते माझ्यासोबत आले होते, दहीभात खाईन म्हणाले. वाढणाऱ्या काकींनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, आत गेल्या आणि पितळी वाटीत अळणी घेऊन आल्या. हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं पहिलं पाणी, वर तुपाचा एक थेंब, आणि त्यात बोटानं तुटेल असा मटणाचा एक तुकडा. "आबा, ह्यात तिखाट न्हाई. भाकरी चुरून घ्या." आबांनी नाचणीची भाकरी चुरली, वाटी कलती करून सगळं पाणी त्यावर ओतलं आणि मान वर न करता जेवले. सात-आठ महिन्यांनी त्यांना असं जेवताना बघितलं.

हात धुताना काकी म्हणाल्या, "बक्षीस मिळाल्यापास्नं जो येतोय त्यो म्हणतोय, दर वाढवा, तीनशे करा, नावात थाळी घाला. दर वाढीवला तर एस्टीच्या डायव्हरनं आन् ऊसतोडीच्या टोळीनं जेवायचं कुठं?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. हा दर टिकायचा कसा, आणि तो टिकावा म्हणून आपण गिऱ्हाइकांनी काय करायचं? इथं खानावळ चालवणारे, रांधणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. एका वेळी २४ माणसं बसतात, तेवढीच जागा आहे.


रंकाळ्याची_हवा

सुंदर लिहिलंय. पण नाव लपवून कसं चालेल? चांगल्या माणसांच्या चार पैशांची सोय होते ती नावानंच. निदान व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


निम्मा_कांदा

वर्णनावरून वाटतंय, मी जिथं गेलो ती हीच. मला मात्र तिथं त्रास झाला, तो सांगतो. बक्षिसाची बातमी वाचून आम्ही दोन गाड्या भरून नऊजण रविवारी दुपारी दीडला पोचलो. ओळीत दीड तास उभं राहिलो. आमचा नंबर आला तेव्हा मटण संपलं होतं. लहान पोरं भुकेनं रडत होती. शेवटी झुणका-भाकर खाल्ली, ती चांगलीच होती, पण एवढ्या लांबून माणूस मटणासाठी आलेला असतो. संपलंय अशी पाटी बाहेर लावली असती तर आम्ही पुढं तरी गेलो असतो. बक्षीस घेतलं की येणाऱ्या माणसाची सोयही बघायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.


कासारीकाठ

निम्मा_कांदा, पाटीचं तुमचं अगदी बरोबर आहे, मी त्यांना सांगतो. रविवार हा जोतिबाचा वार, त्यामुळं डोंगरावरून उतरणारी माणसंही त्याच वेळेला येतात. बुधवारी किंवा शुक्रवारी बाराच्या आत गेलात तर निवांत जेवाल. सोमवारी बंद असते.


हिशेबाची_वही

शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला बारा वर्षं मेस चालवतोय, म्हणून हिशेब मांडतो. माझे दर धरलेत, त्यांचे दहा-पाच रुपयांनी इकडंतिकडं होतील.

एका किलोत आठ ताटं, म्हणजे ताटाला सव्वाशे ग्रॅम कच्चं मटण. किलोला ७६० धरा, ९५ रुपये झाले. ओलं खोबरं, तीळ, खडा मसाला, चटणी, तेल, कांदा मिळून २५. भाकरी आणि भात १५. दही, लिंबू, खर्डा ६. जळण आणि पाणी ७. बेरीज १४८. म्हणजे २२० मधले ७२ उरतात, आणि त्यातनं हातांची मजुरी, भांडी, डागडुजी, लाइट बिल सगळं काढायचं.

यातली मेख बघा. सव्वाशे ग्रॅम मटणावर पोट भरत नाही, पोट भरतं रश्शानं. एकाच अळणीतनं दोन रस्से निघतात. निम्म्या अळणीत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चटणी पडली की तांबडा, निम्मीत नारळाचं दूध आणि तिळाचं वाटण पडलं की पांढरा. शहरात पांढऱ्याला काजू आणि खसखस लावतात, तिथंच ताटाला पंधरा-वीस रुपये वाढतात. घरची पद्धत तिळाची, चवीला कुठं कमी नाही. हाडाचा अर्क नीट उतरलेला असला की रस्सा पातळ असूनही जिभेवर थांबतो. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी चार तुकड्यांत घर जेवायला घालायची अक्कल त्यात घातली आहे. कोल्हापुरात रश्शाला मोजमाप नसायचं ते यासाठीच. वाटीला पैसे लावणं हा त्या ताटाचा पायाच काढून घेणं आहे.

आणि हे तेच कोल्हापूर आहे जे २०१९ च्या शेवटाला मटणाच्या दरासाठी रस्त्यावर उतरलं होतं. आपल्याकडं मटणाचा दर हा घराघरातला विषय असतो.


जवारी_मिरची

हिशेबात चटणी एका शब्दात उरकलीत, म्हणून लिहितेय. बाहेरगावच्या वाचकांसाठी: आम्ही चटणी म्हणतो ती कांदा-लसूण मसाला. मी गडहिंग्लजची. आमच्या बाजारात संकेश्वरी जवारी मिरचीचे सौदे निघतात आणि त्या दिवसांत अख्ख्या गल्लीला ठसका लागतो. घरची वर्षाची चटणी मार्च-एप्रिलमध्ये होते. रंगाला ब्याडगी, चवीला जवारी, जाळाला थोडी लवंगी. कांदा उभा चिरून उन्हात वाळवायचा, मग तेलात खरपूस तळायचा. सुकं खोबरं, धणे, तीळ आणि खडा मसाला वेगवेगळे भाजायचे, लसूण सोलून घ्यायचा आणि सगळं कांडपावर न्यायचं. एकत्र भाजलं तर एक जळतं आणि एक कच्चं राहतं.

ही खानावळ चटणी स्वतः करत असेल तर दर टिकण्याचं मोठं कारण तिथं आहे. हंगामात मिरची एकदम घेतली तर वर्षभर बाजारभावाची चिंता नाही. पावसाळ्यात पाव-पाव किलो तयार मसाला विकत आणणाऱ्या खानावळीचं गणित बसत नाही, मग रश्शाला रंग टाकून लाल केलं जातं. असा रस्सा मी एका ठिकाणी खाल्लाय. बोटांचा लाल रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत गेला नव्हता. घरच्या चटणीची तर्री लालभडक नसते, विटकरी असते, आणि भाकरीच्या तुकड्यानं बाजूला सारली की खालचा रस्सा दिसतो.


एक_शाकाहारी

आम्ही काय करायचं तिथं?


कासारीकाठ

७० रुपयांचं ताट तुमच्यासाठीच आहे. झुणका, भाकरी, खर्डा, दही, आणि त्या दिवशी जे कोरड्यास (भाकरीबरोबरची भाजी-उसळ) असेल ते. मी गेलो तेव्हा वरण्याची उसळ होती. थंडीत हुलग्याचं माडगं करतात म्हणाल्या. शेजारच्या गुऱ्हाळावरनं काकवी आली असेल तर भाकरीवर घालून देतात, तिचे पैसे घेत नाहीत. पनीर मिळणार नाही, आणि कृपा करून कुणी मागू नका.


जुना_बुधवार

स्वस्त जेवणाचा विषय निघालाय तर थोडं मागं जातो. १९९५ मध्ये सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर काढली. २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली, टाळेबंदीत तिचा दर आणखी खाली आणला होता. दोन्हींमागं सरकारी पैसा. म्हणून ७० रुपयांची झुणका-भाकर त्या दरांशी ताडून महाग म्हणणं चूक. इथं वरचा पैसा कुणी देत नाही, ताट स्वतःच्या पायावर उभं आहे.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी वाटते मला. कासारीकाठ, तिथं सगळे एकाच पंगतीत बसतात का? डायव्हर, टोळीवाले, गाडीतनं आलेले? विचारतोय याचं कारण, आपल्या गावात हॉटेलच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पान जेवणाच्या चवीचं नाही. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला पाठबळ दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत राहिले. ज्या काळात त्यांच्या हातचं पाणी लोक घेत नव्हते त्या काळात छत्रपती भर रस्त्यात त्यांच्या हातचा चहा पीत होते. कोण रांधतं आणि कोण कुणाच्या शेजारी बसतं, हे खानावळीचं खरं बक्षीस.


कासारीकाठ

हो, एकच पंगत. दोन लांब बाकडी समोरासमोर, जागा होईल तिथं बसायचं. आबांच्या एका बाजूला टोळीतला एक पोरगा होता, हाताला पाचटाचे ओरखडे. दुसऱ्या बाजूला पुण्याचं एक कुटुंब. पोरानं आबांना विचारलं, "आजोबा, अळणी चांगली लागती का?" आबांनी वाटी त्याच्याकडं सरकवली.


परदेशी_पावणा

मी मूळचा कागलचा, सध्या फ्रान्समध्ये. इथं मिशेलिन या टायर कंपनीची मार्गदर्शिका आहे, १९०० साली मोटारवाल्यांसाठी काढलेली. १९२६ पासून ती हॉटेलांना तारे देते. पण १९९७ पासून तिनं एक वेगळा मान सुरू केला, माफक दरात उत्तम जेवण देणाऱ्यांसाठी: बिब गूर्माँ. खेड्यातल्या लहान खानावळींना तो मिळतो तेव्हा मला फार बरं वाटतं, कारण त्यात दर हा गुणाचाच भाग धरलाय. उद्या दर वाढवत नेला तर तो मान राहत नाही.

अशा गावातल्या खानावळीत मी जातो तेव्हा दुपारी बहुतेक ठरलेलं एकच जेवण असतं, भाजी त्याच भागातली. फोन करून जागा राखायची आणि आठवड्यातले एक-दोन दिवस बंद. कुणी त्याबद्दल तक्रार करत नाही. तुमच्या काकींना फोनवर ताटं सांगून ठेवायची पद्धत सुरू करायला सांगा. निम्मा_कांदा यांच्यासारखी लांबून आलेली माणसं उपाशी राहणार नाहीत, आणि किती किलो आणायचं हेही आदल्या रात्री कळेल.


रंकाळ्याची_हवा

फोनची कल्पना आवडली. नावाबद्दलचा माझा आग्रह मागं घेतो, २४ च्या जागेत आपण सगळे एकदम गेलो तर काय होईल ते दिसतंय.


चुलीजवळची

तीन दिवस धागा वाचतेय. सगळे मनापासून लिहिताय, म्हणून मीही मनापासून लिहिते.

माझी आई राधानगरी रस्त्याला एका खानावळीत वीस वर्षं भाकरी करत होती. दिवसाला दोनशे-अडीचशे भाकरी. पहाटे पाचला चूल पेटायची. तांदळाच्या भाकरीला उकड काढावी लागते, पीठ गरम असतानाच काठवटीत मळायचं, थंड झालं की भाकरी चिरते. म्हणून तिच्या तळहाताची कातडी कायम सोललेली असायची. भाकरी तव्यावर टाकली की वरनं पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग तवा सारून जाळासमोर उभी करायची. ती फुगली की आई उजव्या हाताच्या दोन बोटांनी उचलून बुट्टीत टाकायची. त्या दोन बोटांना पुढं पुढं गरम लागायचंच बंद झालं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं धुरात काम केलं?

त्या खानावळीतलं ताट स्वस्त होतं, लोक तोंड भरून कौतुक करायचे. आईला महिन्याला जे मिळायचं ते सांगायची लाज वाटते.

हिशेबाची_वही, तुमच्या ७२ रुपयांत हात सगळ्यात शेवटी आले. मटण, खोबरं, जळण, सगळं आधी मोजलंत, हात उरलेल्या पैशांत. दर टिकवायचा म्हणताय तेव्हा मला भीती वाटते ती याचीच. दर टिकतो, कारण बाई स्वतःचं मोजत नाही. काकींना एवढंच विचारा की भाकरी करणाऱ्या बायकांना रोज किती मिळतो, आणि आत धुराडं आहे का.


हिशेबाची_वही

ताई, बरोबर पकडलंत. माझ्या मेसमध्येही मी असाच हिशेब मांडत आलोय. आधी मजुरी मांडायला पाहिजे होती.

पुन्हा मांडतो. चार बायका, प्रत्येकी ४०० रोज, १६०० झाले. मटणाच्या दिवशी ५० ताटं गेली तर ७२ नं ३६०० येतात, भागतं. पण बुधवारी ३० च ताटं गेली तर २१६० येतात, मजुरी जाऊन ५६० राहतात, त्यात लाइट बिल आणि भांडी. ताटाला २० रुपये वाढवले तर त्या दिवशी ६०० जास्त येतात, म्हणजे हातात राहणारी रक्कम दुपटीच्या वर जाते. २४० ला शहरातनं येणारं कुणी मागं फिरणार नाही. ७० चं ताट मात्र हलवू नये, टोळीचं आणि डायव्हरचं जेवण ते आहे.


निम्मा_कांदा

२४० मी आनंदानं देईन. आणि नऊजण न सांगता जाणं ही आमचीही चूक होती.


जवारी_मिरची

धुराड्याचं काम खर्चिक नाही. माझ्या माहेरी चुलीवर पत्र्याचं नळकांडं बसवलंय, स्वयंपाकघरातला धूर निम्म्याहून कमी झाला. गवंडी गावातलाच मिळेल. रस्सा चुलीवर आणि तांदळाच्या भाकऱ्या गॅसच्या भट्टीवर असंही करता येतं, चवीत फरक पडत नाही. नाचणीची मात्र चुलीवरचीच चांगली.


कासारीकाठ

आज शुक्रवार. सकाळी एकटाच जाऊन आलो. जेवण झाल्यावर काकींना बाहेर ओट्यावर बसवून सगळ्यांचं वाचून दाखवलं. चुलीजवळची, तुमचं वाचत होतो तेव्हा आतनं भाकरी करणाऱ्या दोघी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एकीनं स्वतःचा हात पुढं करून बघितला.

रोज ३०० मिळतो, आणि वर्षाच्या शेवटी उरलेले पैसे गटात सारखे वाटून घेतात. धुराडं नाही, एक खिडकी आहे. काकी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमी बी घरचंच काम म्हणून धरत आलो. घरात कोण मजुरी मागतंय?" दारातल्या त्या म्हणाल्या, "पर हे घर न्हवं की आक्का."

संध्याकाळी गटाची बैठक बसवतो म्हणाल्या. मी तिथं थांबणं बरोबर नव्हतं, निघून आलो.


चुलीजवळची

वाचून दाखवलंत, त्याबद्दल काय लिहू. आईला सांगितलं. तिनं विचारलं, भाकरी कुठल्या तांदळाची करतात?


कासारीकाठ

आईंना सांगा, गावच्याच जाड्या तांदळाची. भातासाठी आजऱ्याचा घनसाळ आणतात, पण तो रविवारीच. ताटात पडला की वास बाकड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो.


एक_शाकाहारी

आज बुधवार, मी जाऊन आलो. आदल्या दिवशी फोन केला होता, तीन ताटं सांगितली, तीन ताटं तयार होती. पाटी पुसून नव्यानं लिहिली आहे: मटण ताट २४०, अंडा ताट १३०, झुणका-भाकर ७०. खाली वेगळ्या अक्षरात, "आदल्या दिवशी फोन करा. मटण संपलं की बाहेर लाल फडकं लावतो." आत चुलीच्या वर भिंतीला भोक पाडलंय, सिमेंट अजून ओलं होतं. नळकांडं शनिवारी येणार म्हणाल्या.

झुणका खमंग होता, खरपुडीसकट वाढला. निघताना काकींनी विचारलं, अळणी खाणारे आबा परत कधी येणार?


कासारीकाठ

रविवार सोडून, येत्या शुक्रवारी. फोन केलाय.